लोणारची मोठी विहीर आणि तिचा ताळेबंद

२०२० च्या जूनमध्ये लोणारच्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आमच्या मेहकरकडच्या नात्यागोत्यात तीन मतं होती. कुणी म्हणे देवी कोपली, कुणी म्हणे उल्केतला धातू वर आला, कुणाची खात्री होती की रातोरात कोणी रसायन ओतलं. पाच वर्षं होतात न होतात तोच उलटी बातमी आली. तळं भरून वर चढलं, कमळजा देवीच्या देवळाला पाणी लागलं, आणि काठावरची जुनी हेमाडपंती देवळं बुडतात की काय अशी काळजी सुरू झाली.

मी दोन्ही वेळा विवरात उतरून आलो. भूजलाची मोजणी हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि घरची शेती लोणारपासून काही कोसांवर. त्यामुळे या तळ्याकडे मी पर्यटकासारखा पाहू शकत नाही, विहिरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यासारखाच पाहतो. गुलाबी पाणी आणि पाण्यातली देवळं ही मला एकाच खात्याची दोन पानं वाटतात. त्या खात्यातल्या बऱ्याचशा नोंदी विवराच्या कडेबाहेर, सोयाबीनच्या वावरांत होतात, आणि तिकडे कोणी पाहत नाही.

जागा

लोणार हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं तालुक्याचं गाव. गावाला लागूनच विवर. उल्का आदळली ती दख्खनच्या काळ्या खडकावर, बेसॉल्टवर. अशा खडकात झालेलं, इतकं चांगलं टिकलेलं आघाती विवर जगात क्वचितच सापडतं. कडेपासून कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचं तळं. वयाबद्दल मतभेद आहेत. आधीच्या एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं, तर २०१० च्या सुमारास आरगॉन समस्थानिकांवरून ५ लाख ७० हजार वर्षं. आपल्या हिशेबाला यातला कुठलाही आकडा चालतो, कारण पाण्याचं खातं दर पावसाळ्याला नव्याने सुरू होतं.

महत्त्वाची गोष्ट अशी की या तळ्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाण्याला आत यायला अनेक वाटा आहेत, जायला एकच, वर आभाळाकडे. खालून मोठी गळती असती तर हजारो वर्षांत इथला खार वाहून गेला असता. तो गेलेला नाही. पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास आहे, हाताला ते साबणासारखं बुळबुळीत लागतं. अकबराच्या काळातल्या नोंदींतही इथल्या खाराचा उल्लेख सापडतो, काच आणि साबण करायचं साहित्य म्हणून. पुढे इंग्रजी अमदानीत तो गोळा करायचे मक्ते निघत. पापडी, डल्ला, खुप्पल, भुस्की अशी एकेका प्रतीच्या खाराला नावं होती. पाणी उडून जातं, खार मागे राहतो. तळं बंद असल्याची साक्ष हा खारच देतो.

आता विवराच्या भिंतीकडे पाहा. आमच्याकडे विहीर खोदताना आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे छिद्रं असलेला मऊसर खडक, मग काळा पाषाण. मध्येच कुठे गेरूसारखा लाल थर येतो. पाणी लागतं ते मांजऱ्यात नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. विवराच्या भिंतीत लाव्हाचे हेच थर एकावर एक उघडे पडले आहेत. उल्केने इथे जवळपास दोन किलोमीटर रुंदीची विहीरच खणून ठेवली आणि आजूबाजूच्या पठाराच्या पोटातले सांधे तिच्या भिंतीत मोकळे केले. गावाच्या बाजूला भिंतीतून वाहणारी धार, सीतान्हाणी, रामगया हे त्या विहिरीचे झरे. धारेवर आंघोळीला आलेल्या एका आजींना मी विचारलं होतं, ‘‘आजी, धार कधी आटलेली आठवते का?’’ आजी म्हणाल्या, ‘‘नाही बापा. दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, तवाही म्या धार आटलेली नाही पाह्यली. बारीक झालेली पाह्यली.’’

आजींनी वापरलेला ‘बारीक’ हा शब्द पुढे लागणार आहे.

हिशेब

पाण्याचा ताळेबंद मांडायला मोठी यंत्रं लागत नाहीत. पाऊस, आकारमान आणि बाष्पीभवन एवढं ठाऊक असलं की वहीच्या एका पानावर तो बसतो. खालचे आकडे ढोबळ आहेत. व्यासावरून मी क्षेत्रफळ काढलं, पाऊस आणि बाष्पीभवन या भागाला शोभेल असं धरलं. कोणाला यापेक्षा चांगले आकडे मिळाले तर ते घालून हिशेब पुन्हा करावा. आकडे हलतील, हिशेबाची दिशा मात्र तीच राहील.

तळ्याचं क्षेत्रफळ साधारण ११३ हेक्टर. विवराच्या कडेच्या आतलं एकूण क्षेत्र २५४ हेक्टर. म्हणजे तळ्याभोवतीचा उतार आणि सपाट पट्टा मिळून १४१ हेक्टर.

साधारण वर्षी ७५० मिलिमीटर पाऊस धरला तर थेट तळ्यावर पडणारं पाणी होतं साडेआठ लाख घनमीटर. उतारावर झाडी आहे, खडक फुटलेला आहे, बरंच पाणी तिथेच मुरतं. पावसाचा चौथा हिस्सा वाहून तळ्यात येतो असं धरलं तर आणखी २.६ लाख. जमेची बाजू झाली ११ लाखांच्या थोडी वर.

आता खर्च. आपल्याकडच्या उन्हात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडून जातं. एप्रिल-मेमध्ये शेततळ्याची पातळी कशी झरझर उतरते हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे सांगायला नको. खारं पाणी गोड्यापेक्षा किंचित सावकाश उडतं, म्हणून १.७५ मीटर धरू. खर्च होतो १९.८ लाख घनमीटर.

दर वर्षी ८.७ लाख घनमीटरची तूट येते. एवढी तूट असूनही तळं कोरडं पडत नाही, म्हणजे ती कोणीतरी भरून काढतंय. भिंतीतले आणि तळातले झरे ते काम करतात. दिवसाला सुमारे २४ लाख लिटर. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर मोजायची सवय लागलेली आहे, म्हणून त्याच मापात सांगतो. दहा हजार लिटरचे २४० टँकर, रोज, वर्षभर. सेकंदाच्या मापात सांगायचं तर पंधरा लिटरच्या जवळपास दोन बादल्या, दर सेकंदाला, अखंड. उघड्यावर दिसणारी धार हा त्यातला एक हिस्सा, बाकी पाझर डोळ्याआड चालू असतो.

हे उत्तर पहिल्यांदा आलं तेव्हा मी गुणाकार दोनदा तपासला. लोणारचं तळं पावसाने भरतं असं लहानपणापासून ऐकलं होतं. हिशेब सांगतो की तळ्यात येणाऱ्या पाण्याचा पाचातला जवळपास सव्वादोनाचा वाटा भूजलाचा आहे. विवराच्या आत काय चाललंय एवढंच बघून या तळ्याचं निदान होणार नाही.

कमी पावसाचं वर्ष, जास्त पावसाचं वर्ष

समजा पाऊस ५०० मिलिमीटर झाला. थेट पडणारं पाणी ५.६ लाखांवर येतं. तापलेल्या जमिनीवरून वाहून येणारं पाणी तर पावसाच्या मानानेही कमी होतं, लाखभर घनमीटर जेमतेम. झरे नेहमीसारखे वाहिले तरी तळं वर्षात ३९ सेंटिमीटर उतरेल. आजींनी सांगितल्यासारखे ते बारीक झाले आणि निम्म्यावर आले, तर ७७ सेंटिमीटर. अशी दोन वर्षं लागोपाठ आली की दीड मीटर गेलं. तळ्याची एकूण खोली काही मीटरच आहे. दीड मीटर उतरलं की उरलेल्या पाण्यात खार किती दाट होईल हे वेगळं सांगायला नको, कारण खाराचं वजन तेवढंच राहतं.

जून २०२० मध्ये जे दिसलं ते याच बाजूचं टोक होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि रंगाचं कारण हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, असल्याचं सांगितलं. पाऊस कमी, गोड्या पाण्याची आवक कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खारटपणा वाढला आणि हे जीव फोफावले. त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसलं. पुढे पाऊस पडला, ओलावा आला, रंग ओसरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या वेळी दखल घेतली, नमुने गेले, अहवाल आले. हे सगळं योग्यच झालं. पण लोकांनी रंग पाहिला, उतरलेली पातळी फारशी कोणी पाहिली नाही. रंग चार आठवड्यांचा होता, पातळी अनेक महिने उतरत आली होती.

आता दुसरी बाजू. ११०० मिलिमीटर पावसाचं वर्ष घ्या. थेट पाऊस १२.४ लाख. जमीन भिजलेली, म्हणून उतारावरून येणारा हिस्सा वाढतो, ५.४ लाख धरू. पठारातल्या विहिरी तुडुंब, म्हणून झरे एक पंचमांशाने जास्त, १०.४ लाख. ढगाळ दिवस जास्त, म्हणून बाष्पीभवन १.६ मीटर, खर्च १८ लाख. शिल्लक दहा लाख घनमीटर. तळं वर्षात सुमारे ८९ सेंटिमीटर चढलं.

यात एक गंमतीची नाही, चिंतेची गोष्ट आहे, ती म्हणजे विवराच्या तळाचा आकार. तळ्याभोवती जवळपास सपाट पट्टा आहे, त्याच्यापलीकडे भिंत उभी चढते. पाणी थोडं चढलं की ते या पट्ट्यावर पसरतं, आणि देवळं आहेत ती याच पट्ट्यावर. म्हणून मीटर-दोन मीटरची चढ कागदावर किरकोळ वाटते आणि कमळजेच्या पुजाऱ्याला दाराशी भेटते. पसरलेल्या पाण्यावरून बाष्पीभवनही जास्त होतं, तळं स्वतःला आवर घालतं, पण ते आवर घालेपर्यंत पायऱ्या बुडालेल्या असतात.

खोलीला वर्षाच्या बाष्पीभवनाने भागलं की आणखी एक गोष्ट कळते. तळ्याची आठवण तीन-चार वर्षांची आहे. आज दिसणारी पातळी या एकाच पावसाळ्याची नसते, मागच्या तीन-चार वर्षांची सरासरी असते. २०२० नंतर राज्यात लागोपाठ चांगले पावसाळे झाले, मध्ये २०२३ चं ओढीचं वर्ष आलं, मग पुन्हा भरपूर पाऊस, आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तर आमच्याकडे अतिवृष्टीने सोयाबीन उभं सडलं. तळ्याने ही सगळी वर्षं साठवत नेली.

गाळाची वही

तीन-चार वर्षांपलीकडचं तळ्याला आठवत नाही, पण तळाच्या गाळाला आठवतं. दर वर्षी थोडा गाळ बसतो, त्यात त्या वर्षीच्या पाण्याची खूण राहते. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या आणि भारतातल्या संशोधकांनी इथल्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा नमुना काढला आणि त्यातून अकराएक हजार वर्षांचा मान्सून वाचला. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळात दोन ठिकाणी त्यांना गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचं हे कार्बोनेट, पाणी आटून फार दाट झाल्याशिवाय ते तयार होत नाही. एक काळ होता आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दोन्ही दीर्घ कोरडे काळ.

हा दुसरा काळ वाचताना मी थबकलो. ६०० वर्षांपूर्वी म्हणजे साधारण चौदाव्या शतकापर्यंत. विवरातली देवळं सर्वसाधारणपणे चालुक्य-यादव काळातली मानली जातात, म्हणजे त्या कोरड्या काळाच्या उत्तरार्धातली. ज्या कारागिरांनी पाया घातला त्यांनी पाण्याची त्यांच्या वेळची कड पाहून, थोडी जागा राखून घातला असणार. ती कड कमी पाण्याच्या शतकांतली होती. हा माझा तर्क आहे, पुरातत्त्वाचा निर्णय नाही. पण तो बरोबर असेल तर देवळाच्या पायरीला पाणी लागणं ही तळ्याच्या दृष्टीने अनहोनी नाही. देवळं उतरलेल्या तळ्याच्या काठी बांधली गेली आणि तळं कधीतरी परत वर आलं.

याचा अर्थ देवळं बुडू द्यावीत असा मी काढत नाही. दगडाचे सांधे खाऱ्या पाण्यात भिजत-वाळत राहिले की स्फटिक आतून दगड फोडतात, त्यामुळे त्यांचं रक्षण करावंच लागेल. पण पंप लावून तळं उपसा अशी सूचना ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उपसलेलं खारट पाणी टाकणार कुठे? ओढ्यात सोडलं तर खालच्या वावरांचं काय होईल? आणि पाण्याबरोबर जाणारा खार, जो हजारो वर्षांची शिल्लक आहे, तो परत कोण आणून देईल? २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आलेलं हे पाणथळ खारामुळेच वेगळं आहे.

कडेबाहेर

पाचातला सव्वादोनाचा वाटा भूजलाचा असेल तर खरं प्रकरण कडेबाहेर आहे. तिथे चार-पाच गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात.

माझ्या लहानपणी आमच्या शिवारात ज्वारी, कपाशी आणि तूर असायची. नव्वदीच्या दशकापासून सोयाबीन आलं. ते दसऱ्या-दिवाळीला निघतं, वावर मोकळं होतं, आणि ओल असेल तर लोक हरभरा घेतात. हरभऱ्याला पाणी देतात ते विहिरीतून नाहीतर बोअरमधून. बेसॉल्टमध्ये पाणी साठवायला जागाच थोडी, शंभर घनमीटर खडकात एक ते तीन घनमीटर पाणी मिळालं तरी चांगलं. त्यामुळे थोड्याशा उपशानेही पातळी मीटरने उतरते. वडील विहिरीच्या दोराला गाठी मारून ठेवायचे, होळीपर्यंत कितवी गाठ ओली लागते ते पाहायचे. पुढे शेजारी बोअर पडले आणि त्याच दोराला नवीन गाठी माराव्या लागल्या. ती उतरलेली पातळी उन्हाळ्यात धारेपर्यंत पोचते आणि धार बारीक होते.

उलट दिशेनेही कामं झाली. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवारातलं नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे, शेततळी. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव आणि नाल्यांतली माती-मुरूम उचलून ते खोल केले, त्याला ‘बुलढाणा पॅटर्न’ असं नावच पडलं. चांगल्या पावसात या खड्ड्यांत साठलेलं पाणी मुरतं, आणि विवराच्या बाजूच्या शिवारात मुरलेलं काही पाणी त्या मोठ्या विहिरीच्या भिंतीत येतं. विवराच्या दिशेने वाहणारं गावाचं सांडपाणी हा तर वर्षानुवर्षांचा वादाचा विषय आहे. त्यातल्या घाणीबद्दल बोलणं रास्त आहे, पण ताळेबंदात ते पाणीही जमेला धरावं लागतं, आणि ते उन्हाळ्यातही येतं.

विवराच्या उतारावर वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. तिची मुळं खोल जातात आणि ती बारमाही पाणी पिते. ती काढायचं काम अलीकडच्या वर्षांत झालं. स्थानिक झाडांसाठी ते चांगलंच झालं. पण एवढी तहानलेली झाडी गेली की तिने प्यायचं पाणी तळ्याच्या वाट्याला येतं, हेही लिहून ठेवायला हवं. एकट्या बाभळीने देवळाला पाणी लावलं असं मी म्हणणार नाही. पावसाचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. पण चांगल्या पावसाची वर्षं, जास्त मुरवण, बाभळीची तोड आणि सांडपाणी हे सगळं एकाच काळात एकाच बाजूला आलं, तर तळं चढण्यात नवल नाही. आणि हे सगळं ओढीच्या वर्षात बोअरच्या उपशासमोर किती टिकेल, हा प्रश्न पुढच्या गुलाबी जूनचा आहे.

गेल्या शतकातल्या पृथक्करणांशी तुलना केली तर तळ्याच्या पाण्यातला खार कमी झालेला दिसतो. म्हणजे लांब पल्ल्यात गोड्या पाण्याची बाजू जड होत आली आहे, २०२० ची उतार असूनही. मला पाणी आटण्याइतकीच याचीही भीती वाटते. खार पातळ झाला की इथले खास जीव जातील, साधी शेवाळं आणि मासे येतील, आणि लोणार जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही पाझर तलावासारखं होईल. पाणी वाढलं की आनंद मानायची आपली सवय आहे, दुष्काळी भागात ती समजण्यासारखी आहे. या एका तळ्यापुरती ती बाजूला ठेवावी लागेल.

काय मोजायचं

पातळीची पट्टी काठावर पक्की रोवून दर आठवड्याला वाचायची. गावात पर्जन्यमापक आणि बाष्पीभवनाची तबकडी ठेवायची. धारेच्या तोंडाशी त्रिकोणी खाचेचा छोटा बांध घालून प्रवाह मोजायचा. विवराच्या कडेबाहेर चारही दिशांना आठ-दहा विहिरी निवडून त्यांची पातळी आषाढाच्या आधी आणि दिवाळीनंतर घ्यायची. पाण्याचा खारटपणा दर महिन्याला. यात एकही महाग वस्तू नाही. शाळेतली नववी-दहावीची पोरं हे करू शकतात. आमच्या शाळेच्या मुलांना मी गेल्या उन्हाळ्यात धारेवर नेलं, एकाच्या हातात पंधरा लिटरची बादली, दुसऱ्याच्या हातात घड्याळ. आधी धारेच्या एकाच फाट्याखाली बादली धरली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आकडे वहीत लिहिले, त्याखाली तारीख घातली. परत वर चढताना त्यातल्या एका मुलीने विचारलं, ‘‘सर, आमच्या वावरातल्या बोअरचं पाणी इथं येतं का?’’ तिचं वावर विवराच्या उत्तरेला आहे. दिवाळीनंतर तिथली विहीर मोजायची, असं आम्ही ठरवलं आहे.